ईशान्येचा खांब

तुळशीदास धुरी हा माणूस लोखंडाच्या बाबतीत भलताच सोवळा होता. दिंडोशीच्या वसाहतीत राहणारा, बावन्न वर्षांचा, बुटका आणि तोंडाने फटकळ. गेली एकोणीस वर्षं त्याचं काम एकच, इमारतींच्या लोखंडी खांबांना आगीपासून वाचवणारा रंग मारायचा. दिसायला साधा पांढरा रंग. पण आग लागली की तो निखाऱ्यावरच्या पापडासारखा फुगतो, खांबाभोवती चार बोटं जाड फेसाची दुलई होते आणि आतलं लोखंड तासभर तरी तापून वाकत नाही. तेवढ्यात माणसं बाहेर पडतात. सगळा खटाटोप त्या एका तासासाठी.

या रंगाचा वैरी म्हणजे तेल. खांबावर तेलकटपणा राहिला तर रंग वरून झकास दिसतो, पण आत धरत नाही. म्हणून तुळशीदास प्रत्येक खांब थिनरने दोनदा पुसून घ्यायचा. भजी खाऊन आलेल्या गड्याला साबणाने हात धुवायला पिटाळायचा. माणिक हा त्याचा पंधरा वर्षांपासूनचा जोडीदार. त्याने एकदा घामट पाठ खांबाला टेकली, तर तुळशीदासने दिवसभर त्याच्याशी अबोला धरला होता.

आणि हाच शहाणा प्रत्येक कामाच्या पहिल्या दिवशी ईशान्येच्या खांबाला शेंदूर लावायचा. बाप गिरणीत होता, तो दसऱ्याला साच्याला, म्हणजे मागाला, शेंदूर फासायचा, तीच ही रीत. बायको, सगुणा, तेलात कालवलेला शेंदूर डबीत भरून द्यायची. छातीच्या उंचीवर पाची बोटांचा हात उमटवायचा, उरलेलं तेल खाली पायापर्यंत चोळायचं, लहान मुलाला चोळतात तसं. मग नारळ ठेवून गाऱ्हाणं.

"बा देवा म्हाराजा, ह्यो खांब आगीपासून सांभाळ रे म्हाराजा."

गडी म्हणायचे, "होय म्हाराजा." आणि त्या तेलावरच रंग चढायचा. देवाचं तेल त्याच्या लेखी तेल नव्हतंच. माणिकलाही कधी सुचलं नाही, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

गेल्या मार्चमध्ये तुळशीदासनेच रंगवलेल्या अंधेरीच्या एका गोदामाला भरदुपारी आग लागली. पोटमाळ्यावर नऊ बाया खोकी भरत होत्या. अकरा खांबांवरचा रंग फुगला आणि टिकला. बारावा खांब वाकला आणि पोटमाळ्याचा तो कोपरा खाली आला. आठ जणी जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. श्रुतिका नावाची नववी पोचली नाही. एकोणतीस वर्षांची होती.

तपासणीला आलेल्या रेवती मॅडमनी तुळशीदासला बोलावलं ते जाणकार म्हणून. तोही अकरा खांबांच्या भरवशावर ताठ मानेने गेला. वाकलेल्या खांबाच्या पायाशी फेसाचा अख्खा पापुद्रा पडला होता, दाराच्या फळीएवढा. फुगला होता नीट, पण लोखंड सोडून गळून पडला होता. मॅडमनी तो उलटा करून दाखवला. आतल्या बाजूला काळपट तांबूस डाग होता. त्यांच्या मते तो गंज. लोखंडवाल्याने गंजका खांब दिला, असं त्या अहवालात लिहिणार होत्या.

तुळशीदासने डागावर हात ठेवून पाहिला. बोटांवर बोटं बरोब्बर बसली. मान डोलावली असती तर प्रकरण तिथेच मिटत होतं, नोकरी राहत होती आणि नावही. पण त्याच्या डोळ्यांपुढे बाकीचे खांब येऊ लागले. बोरिवलीची शाळा, घाटकोपरचा मॉल, मुलुंडचं इस्पितळ. चाळीसेक इमारती आणि प्रत्येकीत एक खांब.

"गंज नाय तो मॅडम," तो म्हणाला. "शेंदूर आहे, तेलातला. मीच लावलाय."

मॅडमनी पापुद्रा खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणखी कुठे लावलाय तुम्ही?"

"सगळीकडे."

नोकरी गेली, पोलिसांत जबाब झाला. तू आमची पण वाट लावलीस, एवढं बोलून माणिकने फोन घेणं बंद केलं. सगुणा दोन दिवस जेवली नाही. शेंदूर तिने कालवला होता, तेल तिने ओतलं होतं. डबी मात्र देवघरातून काढायला तिचा हात धजेना आणि त्याचाही नाही.

खांब दाखवायला त्याच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. म्हणून मॅडम त्याला घेऊन आधी मुलुंडच्या इस्पितळात गेल्या. तिथे ईशान्येचा खांब लहान मुलांच्या वॉर्डात होता. एक बाई त्याला पाठ टेकून तापाने फणफणलेलं बाळ मांडीवर घेऊन बसली होती. तुळशीदासने तिला जरा बाजूला व्हायला विनवलं आणि रंग खरवडायची तासणी काढली. तासणी लागलीच नाही. कडेला नख घालून ओढलं, तर रंग केळ्याच्या सालीसारखा पायापर्यंत सोलून हातात आला.

रंगाखाली त्याचा हात होता. नऊ वर्षांपूर्वीचा, तेलकट, लालभडक.

बाईने शेंदूर पाहिला आणि हात जोडले. मग बाळाचं कपाळ तिने त्या खांबाला टेकवलं. तुळशीदासला तिला नको म्हणवेना.