मागची माणसं

तामलवाडीच्या माळावर तो धनगर मला एकदाच भेटला. मी तेव्हा तुळजापुरात मास्तर होतो आणि सुट्टीच्या दिवशी रिळाचा कॅमेरा घेऊन रानफुलांचे फोटो काढत हिंडायचो. त्या दिवशी कुरडूचा फिकट गुलाबी तुरा मागच्या वाळल्या गवतात हरवून जात होता. शेजारीच मेंढरं चारणाऱ्या त्या म्हाताऱ्याला मी म्हटलं, "मामा, तुमची काळी घोंगडी जरा या फुलामागं धरता का?"

त्यानं ती दोन्ही हातांनी ताणून धरली. वारा सुटला, तरी त्यानं हात हलू दिले नाहीत.

"ह्यानं काय व्हतं?"

"मागचा पसारा झाकला जातो. फूल तेवढं उठून दिसतं."

फोटो काढून झाल्यावर त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. मग मुंडाशाच्या घडीतून त्यानं एक चुरगळलेला फोटो काढला. तुळजापूरच्या जत्रेतली गर्दी होती. त्यातल्या एका अंधूक चेहऱ्यावर त्यानं बोट ठेवलं.

"ही माझी पोर. औंदा तापानं गेली. दुसरा फोटु न्हाय. मागची मान्सं काढून हिला एकलीला दावता यील का?"

"नाही हो, मामा," मी म्हणालो. "निघालेल्या फोटोतली माणसं काढता येत नाहीत."

त्यानं फोटो सदऱ्याला हलकेच पुसला आणि पुन्हा मुंडाशात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या मग," तो म्हणाला. "एकली काढली तर भिईल ती. कदी एकली ऱ्हायलीच न्हाय."