एका फोनवरचे वाचक

आमची संस्था शाळकरी मुलांच्या लेखांची वेबसाइट चालवते. ज्या लेखाला सर्वांत जास्त वाचक मिळतात, तो वार्षिक अंकात छापतात. वाचकसंख्येचा अहवाल मी लिहिते. आकडा अचानक चढला तर कारण शोधायला माझ्या वहीत चार प्रश्न आहेत: पेपरात उल्लेख आला का, कुणी ग्रुपवर लिंक टाकली का, शाळेला सुट्टी होती का, सगळ्या भेटी एकाच फोनवरून आहेत का.

मागच्या हिवाळ्यात अजिंठ्याकडच्या शाळेतल्या एका नववीच्या मुलीचा मेंढरांवरचा लेख असाच चढला. आठवडाभर रोज दिवेलागणीला तीस-चाळीस भेटी. पहिल्या तीन प्रश्नांवर काट मारली, चौथ्यावर बरोबरची खूण. ‘मुद्दाम वाढवलेली संख्या, ग्राह्य नाही’ असं लिहिलं, लेख साइटवरून काढला आणि शाळेला फोन करून कळवलं. कळवलं फक्त, विचारलं काहीच नाही. त्या दिवशीच्या यादीतलं ते सातवं काम होतं.

अंक छापून झाला, आणि कार्यशाळेसाठी मला त्याच शाळेत जावं लागलं. तिथल्या सरांकडून कळलं की मुलीला वर्गासमोर उभं करून जाब विचारला होता. तेव्हापासून तिनं एक ओळ लिहिली नव्हती.

मधल्या सुट्टीत तिचे आजोबा आले. जन्म मेंढरांमागं गेलेला माणूस. ते माफी मागायलाच आले होते.

“मॅडम, पोरीनं काय नाय केलं. वस्तीवर असला फोन माझाच. मेंढरं कोंडली की मानसं बघाया यायची, म्या दावायचो.”

मग एकदाच उघडून सगळ्यांना का नाही दाखवलं, असं मी विचारलं. त्यांना माझा प्रश्नच कळेना.

“एकाचं बघून झालेलं दुसऱ्याला कसं द्यायचं? ज्याला त्याला नव्यानं उघडून द्यायचो. वाचता येत नाय त्याला पोरगी वाचून दावायची.”

म्हणजे एकूण एक भेट खरी होती. चूक माझी होती, असं मी त्यांना सांगितलं. ते अवघडले आणि विषय बदलावा तसं म्हणाले, “तुमी वाचला असंल की लेख.”

“नाही,” मी म्हणाले. मी आकडे बघितले होते.

त्यांनी लगबगीनं फोन काढला. सर नातीला बोलल्यापासून त्यांनी लेख उघडलाच नव्हता. नातीनं दाखवून ठेवलेल्या जागी त्यांनी बोट टेकवलं आणि फोन दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. पडद्यावर उमटलं: पान सापडले नाही.

ते फोन घेऊन खिडकीशी गेले. “रेंज नसंल,” म्हणाले, “थांबा जरा.”

रेंज होती. ते पान मी काढलंय, हे मला त्यांना तिथंच सांगावं लागलं.