तपासणीच्या दिवशीचा चहा

टोकियोच्या एदोगावा भागातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक जपानी आजी एकट्या राहतात. त्यांना अंघोळ घालायला वृद्धांच्या देखभालीसाठी असलेल्या सरकारी विम्यातून एक मदतनीस यायची. नव्या बजेटच्या वेळी अशा घरपोच सेवेसाठी संस्थांना मिळणारा दर सरकारने उतरवला, असं टीव्हीवर ऐकलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. थोड्याच दिवसांत आजींना किती मदत लागते, याची फेरतपासणी ठरली.

"अगं, रूटीन प्रोसेस आहे," नवरा म्हणाला. "तुला सगळीकडे काळंबेरं दिसतं."

दिसतंच. दिल्ली असो नाहीतर टोकियो, हात आखडता घ्यायचा झाला की सरकारला आधी न भांडणारी माणसं आठवतात. मी आजींना बजावलं, "रोज जसं होतं तसंच सांगा. अजिबात उठू नका." त्यांनी मान डोलावली. इथे मान डोलावणं म्हणजे 'ऐकलं', 'हो' नव्हे.

तपासणीच्या दिवशी मी तिथे ठाण मांडून बसले. तपासणी करणाऱ्या बाई गोड हसत आत आल्या. मला ते हसू काही पटलं नाही. आणि आमच्या आजी! केस विंचरलेले, ठेवणीतला स्वेटर, वर लिपस्टिक. दारात पाहुणी आल्यावर बसून राहणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. भिंत धरत उठल्या, चहा करून आणला, थेंबही सांडला नाही.

"अंघोळ कशी करता?" बाईंनी विचारलं.

"जमते आपली कशीबशी," आजी लाजून म्हणाल्या.

"नाही जमत! टबची कडसुद्धा ओलांडता येत नाही त्यांना," मी मध्येच तोंड घातलं. बाईंनी माझ्याकडे बघून चहाचं कौतुक केलं.

त्या गेल्या आणि आजी आडव्या झाल्या, त्या संध्याकाळपर्यंत उठल्या नाहीत. ते बघायला कोण येणार?

निकालात मदतीची पातळी खाली आली. मदतनीस आता फारच क्वचित येते. नवरा म्हणतो, चहाने घात केला. मला विचाराल तर कात्री आधीच उघडली होती, चहाचं नुसतं निमित्त झालं.

परवा मीच त्यांना अंघोळ घातली. टबमधून बाहेर काढताना दोघींचीही दमछाक झाली. केस पुसून होतात न होतात तोच त्या भिंतीला धरून उठायला लागल्या.

"तुम्ही दमलात," त्या म्हणाल्या, "बसा, चहा करते."

मला रडूच आलं. खांदे धरून त्यांना खाली बसवलं.