उशीखालची पुडी
लवंग कुटली की मला अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं ते अपार्टमेंट आठवतं. तापातून उठून चादर बदलताना उशीखाली लाल कापडाची पुडी सापडली. आत लवंगेच्या वासाची तपकिरी पूड. माझा इजिप्तचा रूममेट वाळवंटातल्या कुण्या जुन्या ख्रिस्ती साधूच्या चित्रापुढे रोज पुटपुटायचा. करणीच ही, असं वाटून मी पूड सिंकमध्ये ओतली, त्याने केलेलं सूपही ओतलं. संध्याकाळी जाब विचारला. तो म्हणाला, "आमच्या संताच्या अस्थींना लावलेली पूड आहे ती. आईने दिलेली. तुझा ताप उतरावा म्हणून ठेवली. कुठंय?" मी सिंककडे पाहत राहिलो. माझ्या आईने दिलेली अंगाऱ्याची पुडी आजही माझ्या पासपोर्टात आहे. त्या अपार्टमेंटमध्ये एकदा ती खाली पडली, तेव्हा त्यानेच काही न विचारता उचलून ठेवली होती.