कुटाराच्या खोलीतली पांढरी धूळ

सोयाबीनची मळणी झाली की कुटाराचे, म्हणजे उरलेल्या भुशाचे, ढीग शेतात पडून राहायचे आणि शेवटी बरेच जण ते पेटवून द्यायचे. त्याच कुटारावर बुरशी वाढवून प्रथिनांचं अन्न करता येतं, हे मी डोंगरकडा गावातल्या एका शिबिरात शिकले आणि घरी येऊन मागची खोली रिकामी केली. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्याबाईंनी, एका शब्दानं विरोध केला नाही. उलट हळद शिजवायची कढई त्यांनीच काढून दिली. तिच्यात कुटार उकळायचं, निथळायचं, मधे मधे बुरशीच्या बियाण्याचे थर देत प्लास्टिकच्या पिशव्यांत भरायचं आणि पिशव्या टांगायच्या. काही आठवड्यांनी पिशव्यांना धिंगरी अळिंबी, म्हणजे मशरूम, फुटली, तेव्हा मी गावभर सांगत सुटले. लग्नानंतर माझं म्हणावं असं ते पहिलंच काम होतं.

तोडणी आत्याबाई करायच्या. कडा पुरत्या उलगडायच्या आत तोडा, असं शिबिरात सांगितलं होतं. पण मी मोठी शहाणी. वाढू द्या, भरघोस दिसतात, असं मीच त्यांना बजावलं. जास्त उलगडलेल्या अळिंबीतून पिठासारखी पांढरी धूळ झडते. ती फरशीवर दिसायची, त्यांच्या पदरावरही. मग त्यांना खोकला लागला. आयुष्यभर हळद घासायच्या ड्रमपाशी धुळीत उभ्या राहिलेल्या बाईला खोकला व्हायचाच, असं मी ठरवून टाकलं. मधे त्या लेकीच्या गावी, हट्ट्याला, आठ दिवस राहिल्या, तर तिथं खोकला थांबला आणि परतल्यावर पुन्हा सुरू झाला. तेही मला ठाऊक होतं.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि माझ्याकडं बघून विचारलं, "घरात धूळ, बुरशी असं काही?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. आत्याबाईच म्हणाल्या, "हळद हाय की. जलम गेला तिच्यात."

डॉक्टरांनी खोकल्याचं औषध लिहून दिलं.

परतताना एसटीत मी विचारलं, "आत्याबाई, खोलीचं काहून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर बंद करा म्हणला असता. मंग तू पुन्हा पहिल्यावानी गप बसून राहिली असतीस. लगीन झाल्यापून बघून राहिले मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी गेल्याबरोबर सगळ्या पिशव्या उकिरड्यावर टाकायच्या, असं मी तिथंच ठरवलं. खोलीचं दार उघडलं, तर पुढचं पीक नुकतं फुटत होतं. बोटाएवढे कोंब, सगळ्या पिशव्यांना. एवढं निघू दे, म्हटलं, चार दिवसांचाच तर प्रश्न आहे.

चौथ्या दिवशी आत्याबाई तोंडाला पदर बांधून, टोपली घेऊन खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. मी त्यांना नको म्हणाले नाही.