पाण्याचं इंजेक्शन

ब्रदरांइतका हलका हात मी पुढे कुणाचा पाहिला नाही. आणि त्यांच्यावर धरला तेवढा रागही कुणावर धरला नाही. सत्तरच्या दशकात नागपूरच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये ते पुरुष नर्स होते. सगळे त्यांना ब्रदरच म्हणत. जुलाबांनी सुकलेल्या पोराची शीर डॉक्टरांना सापडेना की ब्रदरांना हाक जाई. ते डोळे मिटून बोट फिरवत आणि सुई अशी घालत, की पोर रडायचं विसरून त्यांच्याकडे बघत राही.

मी तिथे लागले तेव्हा एकोणीस वर्षांची होते, आमच्या वस्तीतली नर्स झालेली पहिली मुलगी. सुई हातात घेऊन मी शीर डोळ्यांनी शोधत बसे. "डोळ्यानं काय शोधून राहिली वं?" ते म्हणत. "शीर दिसत नसते, बोटाले लागत असते." मग स्वतःचाच हात पुढे करत. "टोच. मले काही होत नाही." त्या हातावर मी शिकले.

त्यांचं दुसरं ठरलेलं वाक्य होतं, "नाटक हाये." कोणी पेशंट जास्त कण्हू लागला की ते हसून म्हणत. मला ते अनुभवाचं बोलणं वाटे.

कोराडीच्या एका फिटरची बायको, सुभद्राबाई, पिशवीच्या ऑपरेशनसाठी आली होती. ऑपरेशननंतर दोन दिवस ती गुरासारखी ओरडत होती. दुखणं थांबवायला तिला पेथिडिन, अफूच्या जातीचं औषध, लिहून दिलेलं, आणि ते ब्रदर स्वतः देत होते. "आत्ताच तं सुई देल्ली. नाटक करून राहिली." मी तिच्या खाटेपाशी जाऊन म्हणाले, "बाई, तोंड बंद ठेवा. बाकीचे पेशंट माणसं नाहीत का?" तिने चादरीचा बोळा दातांत धरला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गॉज आणायला मी ड्रेसिंगच्या खोलीचं दार ढकललं. ब्रदर स्टुलावर बसले होते, पँट खाली ओढलेली, सुई मांडीत. मांडी जुन्या-नव्या गाठींनी भरली होती. ट्रेमध्ये पेथिडिनची फोडलेली कुपी होती, शेजारी डिस्टिल्ड वॉटरची, आणि दुसरी सिरिंज भरून तयार. ती कुणासाठी आहे हे मला कळलं.

"दरवाजा लाव वं," ते शांतपणे म्हणाले.

मी ती सिरिंज उचलली आणि सरळ डॉक्टरांकडे नेली.

डॉक्टरांना नर्सिंग होमच्या बदनामीची भीती. पोलिसांत जायचं नाही, पेशंटला सांगायचं नाही, असं त्यांनी बजावलं. मी सुभद्राबाईला सांगितलं. तोवर तिला खरं इंजेक्शन मिळालं होतं. "म्हंजे मी खोटी नव्हती ना, बाई?" एवढंच तिने विचारलं. मला तिच्यासमोर उभं राहवेना.

ब्रदरांना मागच्या खोलीत ठेवलं. मुतखड्याच्या कळा सहन होईनात म्हणून चार वर्षांपूर्वी पहिली सुई घेतली होती, असं त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. आता ती सुई तुटल्यामुळे नाक गळत होतं, उलट्या होत होत्या, पाय आपोआप झाडले जात होते. दिवसाची ड्युटी माझी होती.

"अर्धी दे, पोरी. अर्धीच. शीर पकडाले तुले कोणं शिकवलं?"

"पाण्याचं देऊ का?" मी म्हणाले.

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पुढचे दोन दिवस माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मग त्यांना मनोरुग्णांच्या दवाखान्यात हलवलं.

तीन महिन्यांनी ते फाटकाशी उभे दिसले. अंगावर मांस चढलं होतं, दाढी नीट केलेली. "डॉक्टरले सांग ना, एक डाव कामावर घ्या म्हणा."

"झाडूपोछ्याचं असेल तर सांगते. इंजेक्शनच्या कपाटाजवळ नाही."

ते हसले. "बराबर हाये. तुह्या जागी मीबी हेच म्हटलं असतं."

नागपुरातल्याच जरीपटका भागातल्या एका लहान दवाखान्याने त्यांना कंपाउंडर म्हणून घेतलं. पूर्वीचं कोणी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, आणि मीही जाऊन सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात आली असणार. वर्ष उलटायच्या आत त्याच दवाखान्याच्या औषधांच्या खोलीत ते मरून पडलेले सापडले. निरोप द्यायला त्यांची बायको स्वतः आली. "तुमचं लई नाव घेत होते," ती म्हणाली. ड्युटी आहे असं सांगून मी मयतीला गेले नाही. ड्युटी नव्हती.

पुढे मी नर्सिंगच्या मुलींना शिकवू लागले. पेथिडिनचा धडा आला की ब्रदरांची गोष्ट सांगते आणि त्यांना चोर म्हणते. एका वर्षी एक मुलगी हसून म्हणाली, "मॅडम, असल्या गर्दुल्ल्याला कामावर ठेवलंच कसं?"

मी तिला वर्गाबाहेर काढलं.