राहुकाळातला फॉर्म

मी जात्याच उतावळी. लिफ्ट येईपर्यंत मी जिन्यानं वर पोचलेली असते, आणि कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत माझा हात गॅसच्या बटणावर असतो. बारावीनंतरच्या त्या उन्हाळ्यात मला जितकं थांबावं लागलं तितकं आयुष्यात कधी लागलं नव्हतं. त्या थांबण्यात मी आईशी जशी वागले ते आठवलं की अजून कान तापतात.

मला कापडाचं तंत्रज्ञान शिकायचं होतं. धागा, विणकाम, रंग, कापडाची ताकद, एवढंच शिकवणारं एक कॉलेज होतं, आम्ही राहतो त्या बेंगळूरुपासून दहा-बारा तासांच्या प्रवासावर. जागा मोजक्याच. आधी फॉर्म, मग लेखी परीक्षा, मग मुलाखत. हे बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. बाबा मूळचे इचलकरंजीचे. राहत्या घराच्या खालीच यंत्रमाग. त्या खडखडाटात त्यांनी दहावीचा अभ्यास केलेला आणि डाव्या कानाची निम्मी ताकद तिथंच ठेवून आलेले. आता ते इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका ऑफिसात कंपनीचे सर्व्हर सांभाळतात. तिथं सगळ्यात मोठा आवाज कॉफीच्या मशीनचा असतो.

“त्या आवाजातनं बाहेर पडायला मला निम्मं आयुष्य लागलं,” ते म्हणाले, “आणि तू परत आत निघालीस?”

“मी माग चालवायला जात नाही बाबा. तंत्रज्ञान शिकायला जातेय.”

“शब्द बदलला म्हणून खडखडाट कमी होत नसतोय.”

आठवडाभर हेच चाललं. खरं तर खोड त्यांनीच लावलेली. धागे मोजायचं एक छोटं घडीचं भिंग त्यांच्या कपाटात होतं, ते मी आठवीत असताना पळवलं आणि मग मला दुसरं काही सुचेना. शाळेचा युनिफॉर्म, पडदे, पाहुण्यांच्या ओढण्या, सगळ्याचे उभे-आडवे धागे मी मोजत सुटले. पाहुणे बिचारे अवघडून बसायचे. शेवटी बाबांनीच तोड काढली. हा एकच फॉर्म भरायचा. नंबर लागला तर खुशाल जा. नाही लागला तर घराजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर घ्यायचं आणि कापड हा विषय घरात पुन्हा काढायचा नाही. मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

फॉर्म ऑनलाइन होता. फी बाबांनी भरली, बाकीचा फॉर्म मी पहिल्याच दिवशी भरून टाकला. राहिला फक्त शाळेचा एक दाखला. तो देणारे क्लार्क लग्नासाठी गावी गेलेले. मी रोज शाळेत जायची आणि रोज तिथला शिपाई “नाळे बन्नी”, उद्या या, म्हणून परत पाठवायचा. उद्या उद्या करता करता मुदतीचा आदला दिवस उजाडला. सोमवारी दुपारी एकदाचा दाखला हातात पडला. मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. मी धावत घरी आले, लॅपटॉप उघडला, आणि आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली.

“आज नको. अमावस्या लागली आत्ताच.”

अमावस्या आम्ही इचलकरंजीहून आणलेली. राहुकाळ मात्र बेंगळूरुचा. गावाकडं आमच्या घरात तो शब्दही कुणी काढत नसे. इथं आल्यावर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण अक्कांनी तो आईला दिला, रसमच्या मसाल्याबरोबर. रोजचा दीड तास वाईट, दर वारी वेगवेगळा, आणि त्या वेळात नवं काही सुरू करायचं नाही. दोन मुलखांत राहिलेल्या माणसानं दोन्हीकडचं शुभ तेवढं उचलावं की नाही? आमच्या आईनं दोन्हीकडचं अशुभ तेवढं उचललं होतं.

अमावस्या मंगळवारी दुपारी पावणेतीनला सुटणार होती. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. म्हणजे फॉर्म पाठवायला आमच्या घराला साडेचार ते पाच असा अर्धा तास उरला.

“पावणेतीन ते तीन आहेत की पंधरा मिनिटं,” मी म्हणाले.

“अमावस्या सुटल्या सुटल्या? तिचा पाय अजून उंबऱ्यात असतोय गं.”

मी बाबांकडे पाहिलं. शेवटच्या अर्ध्या तासात सगळे एकदम तुटून पडतात आणि साइट बसते, हे त्यांच्याइतकं आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नसेल. ते म्हणाले, “आई म्हणतीय तर थांब एक दिवस,” आणि फोनमध्ये डोकं घातलं. तिथं माझं टाळकं सरकलं. मला वाटलं, दोघांनी ठरवून चालवलंय हे. फॉर्म बुडावा, मी मुकाट्यानं कॉम्प्युटरला जावं, आणि दोष कुणाचा, तर साइटचा. बाबांचं मी समजू शकत होते, ते निदान तोंडावर तरी बोलले होते. आईचा राग जास्त आला. त्या रागात मी जेवताना ताट सरकवलं आणि तिच्याशी एक शब्द बोलले नाही.

मंगळवारी सकाळपासून मी घरात येरझाऱ्या घालत होते. दर थोड्या वेळानं साइट उघडून बघायची. दुपारी बारापर्यंत ती पटकन उघडत होती, दोननंतर रेंगाळायला लागली. तीन वाजून गेले आणि पडद्यावरचं ते गोल चक्र फिरू लागलं ते थांबेचना. आई शांतपणे समई घासत बसली होती. तिची ती शांतता मला बघवेना.

“दाखल्याच्या फोटोची साइज कमी करून आणते,” असं सांगून मी घराबाहेर पडले.

दोन गल्ल्या सोडून झेरॉक्सचं दुकान होतं आणि तिथलं नेट आमच्यापेक्षा बरं होतं. पण पुढं कुणाच्या तरी घरभाड्याच्या कराराच्या प्रती निघत होत्या. दुकानदार अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, “स्वल्प इरि”, जरा थांबा. त्या दिवशी अख्ख्या शहरानं मला थांबवायचा विडा उचलला होता. शेवटी मला कॉम्प्युटरपुढं बसायला मिळालं. साइट उघडली, दाखला जोडला गेला, आणि खालचं हिरवं बटण दिसलं. मी घड्याळाकडे पाहिलं, तीन अडतीस. भर राहुकाळ. मी डोळे उघडे ठेवून बटण दाबलं. ‘अर्ज मिळाला’ असं पडद्यावर आलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी अण्णांना दोनदा थँक्यू म्हणाले.

घरी आले तर लॅपटॉपला हळदकुंकू लागलेलं. समोर पाट, समई पेटवलेली, वाटीत दहीसाखर. साडेचार वाजून गेल्यावर आईनं माझ्या तळहातावर दहीसाखर ठेवली, हात जोडले आणि म्हणाली, “हं, दाब आता.” सगळं आधीच झालंय हे सांगायची तेव्हा चांगली संधी होती. मी सांगितलं नाही. साइट उघडून पाठवलेल्या अर्जाची प्रिंट काढायचं बटण दाबलं. प्रिंटर आमच्याकडे नव्हताच, त्यामुळे काहीच झालं नाही. आई डोळे मिटून बराच वेळ पुटपुटत होती. मी मनातल्या मनात हसत होते. आपण तिला कसं फसवलं याचा मला चक्क अभिमान वाटत होता.

परीक्षा झाली, बरी गेली. मुलाखतीला त्यांनी एक कापडाचा तुकडा हातात दिला आणि याच्याबद्दल काय सांगता येईल ते सांग म्हणाले. मी इतकं बोलले की त्यांनाच मला थांबवावं लागलं. मग यादी लागली. माझं नाव प्रतीक्षायादीत. पुढची यादी दोन आठवड्यांनी.

आधी मी जेमतेम माणसात होते, त्या दोन आठवड्यांत तेवढीही उरले नाही. दिवसातून शंभरदा साइट बघायची, टेकलं की उठायची, उठलं की भांडायची. आणि एक विचित्र गोष्ट झाली. माझा असल्या कशावर विश्वास नाही, पण सातही वारांचे राहुकाळ मला पाठ झाले. सोमवारी साडेसात, शनिवारी नऊ, बुधवारी बारा. तो लागला की मी घड्याळाकडे बघत बसायची. त्या दिवशी अजून एक तास थांबले असते तर? मग स्वतःचाच संताप यायचा आणि तो निघायचा आईवर. ती जेवायला वाढताना “लागंल गं तुझा नंबर” म्हणायची आणि मी तिच्यावर खेकसायची, “तुला काय करायचंय? तुला तर बरंच झालं असेल!” ती पुढची पोळी वाढायची.

दुसरी यादी एका मंगळवारी दुपारी साडेतीनला लागली. बाबा ऑफिसात, मी घरात एकटी. पान उघडलं, नाव शोधलं, सापडेना. परत पहिल्यापासून बघितलं तर चौथ्या ओळीतच होतं. मी किंचाळले. आई भाजी आणते म्हणून बाहेर पडली होती. मी जिना उतरले तर खाली अक्का उभ्या.

“आई कुठे गेलीय, बघितलंत?” मी कन्नडमध्ये विचारलं.

“देवळात. मंगळवारी ह्या वेळेला ती दुसरीकडे कुठे असते?”

मला हे नवीन होतं. कोपऱ्यावरच्या देवीच्या देवळात मी धावत गेले. आवारात बायकांची रांग बसलेली. प्रत्येकीपुढं अर्ध्या कापलेल्या लिंबांच्या साली उलट्या करून त्यात तेल-वात घातलेले छोटे दिवे. त्या रांगेत, अनोळखी बायकांमध्ये, आमची आई मांडी घालून बसली होती. तिच्या बोटांना लिंबाचा रस लागलेला.

“लागला नंबर!” मी म्हणाले. तिनं वर बघितलं, मग देवीकडे बघितलं, आणि पदरानं डोळे पुसले. मी तिच्या शेजारी बसले आणि एकदम सांगून टाकलं, की तो फॉर्म आधीच गेला होता, राहुकाळात, आणि तुझ्यासमोर मी नुसतंच भलतं बटण दाबलं.

“ठाव हाय मला. तीन अडतीस,” आई म्हणाली. “मेसेज माझ्याच फोनवर आलेला. पालकांचा नंबर म्हणून माझाच दिलेला न्हवं तू?”

“मग दहीसाखर कशाला दिलीस?”

“पोरीनं फॉर्म भरला, तोंड गोड नको करायला?”

“आणि हे दिवे?”

“अक्का म्हणाल्या, ह्याच वेळेत लिंबाचा दिवा लावला तर देवी बाधा काढून घेती. मग त्याच्या पुढच्या मंगळवारपासनं येतीय. सात झाले आज.”

“मला बोलली का नाहीस?”

“काय बोलू? बटण तर दाबून आलीस. वेळ वाईट होती म्हणाले असते तर ते तुझ्या डोक्यात बसलं असतं. परीक्षेला भीत भीत गेली असतीस.” वाऱ्यानं एक वात कलली होती, ती तिनं बोटानं सरळ केली. “तुला वाटलं, मी फॉर्म बुडवायला बघतीय. तोंडावरच दिसत होतं तुझ्या.”

तसंच वाटलं होतं मला. सात मंगळवार ती एकटीच भीत होती, आणि तेवढे दिवस मी तिच्याशी एकदाही धड बोलले नव्हते.